उद्याचा पेपर

अबू धाबीत तेल नुकतंच लागलं होतं तेव्हाची गोष्ट. मी रत्नागिरीहून येऊन वाळवंटातल्या कॅम्पवर स्टोअरकीपर झालो होतो. तिथला एक अमेरिकन ड्रिलर बेसबॉलवेडा होता आणि त्याची टीम सदा हरणारी. त्याच्या गावचे पेपर महिन्याने एकगठ्ठा यायचे. तो सगळ्यात जुना वर ठेवायचा आणि नाश्त्याला रोज एकच उघडायचा.

"पूर्वी एकच गडी अख्खी मॅच बॉल टाकायचा," तो माझ्यावरच खेकसायचा. "आता चार जण लागतात, तरी खलास!"

एकदा मी वैतागून म्हटलं, "साहेब, तळातला पेपर बघा ना. काय ते एकदाच कळेल."

त्याने गठ्ठ्यावर हात दाबून धरला. "हरलेच असतील. पण उद्याचा पेपर उघडेपर्यंत तरी हरलेले नाहीत, हबीबी."