ओढणीची गाठ

शेजारच्या दुकानातल्या फोनवर शेवंताच्या भावाचा, रमेशचा, निरोप आला. "ताई, शेवंता गेली. पोट दुखून राहिलं, पार शेवटी म्हणाली..." आणि त्यानं फोन ठेवला. अपेंडिक्स फुटलं होतं, दवाखान्यात न्यायला उशीर झाला, हे मागाहून कळलं. महिना उलटला, माझा संताप काही उतरत नाही.

वसमतच्या कॉलेजात असताना शेवंता आणि मी एका भाड्याच्या खोलीत राहायचो. ती औंढ्याकडच्या तांड्यावरची. आईबाप दरसाल ऊसतोडीला जायचे, बरोबर ही आणि रमेश. शाळा अर्धवट सुटायची. फडात पोट दुखलं, भूक लागली की आई पोटावर फडकं आवळून बांधायची आणि कामाला लावायची. कॉलेजातही तिची ती सवय गेली नाही. उपास असो, ताप असो, कमरेला ओढणीची गाठ ठरलेली. डॉक्टरकडे चल म्हटलं की हसायची. "सोसतं की मला. काहून जायचं?"

आणि आमचं कॉलेज! दर गॅदरिंगला प्राचार्य तिला स्टेजवर उभं करायचे, फडावरच्या पाचटाच्या कोपीतल्या, त्या झोपडीतल्या थंडीबद्दल बोलायला लावायचे, आणि आम्ही टाळ्या पिटायचो. होस्टेलमध्ये जागा मात्र तिला कधी मिळाली नाही. सोसण्याचं एवढं कौतुक झालं, की दुखतंय म्हणायची तिला लाज वाटू लागली. पदवी घेऊन ती तांड्यावरच परतली. हंगामात एकही लेकरू फडात जाऊ द्यायचं नाही, हा तिचा ध्यास. मुलांना आजीआजोबांपाशी ठेवायला लावायची, संध्याकाळी समाजमंदिरात शिकवायची. शेवटच्या दिवशीही गाठ आवळून शिकवतच होती... कॉलेजातल्या शोकसभेत प्राचार्य म्हणाले, "केवढी जिद्द!" मला राहवलं नाही. उभी राहून म्हणाले, "सर, त्या जिद्दीनंच मेली ती."

परवा तांड्यावर गेले. वर्ग आता रमेश घेतो. तिची ओढणी खिडकीच्या गजाला तशीच लटकलेली. पुढच्या रांगेत एक मुलगी वाकून बसली होती, पोटावर आईच्या लुगड्याचं फडकं घट्ट बांधलेलं. काय होतंय, विचारलं.

"काही न्हाई. बाई बी असंच बांधायच्या."

मी ती गाठ सोडली. दुखतंय का, पुन्हा विचारलं. ती मोठ्यानं रडू लागली. रमेश तिला उगी करायला उठला.

"रडू दे तिला," मी म्हणाले. "तू गाडी काढ."