काकांचा पिवळा पट्टा

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींच्या खिडकीत बसणाऱ्या बाईंचा माणसांवरचा विश्वास कधीच उडाला होता. तीन नंबरची खोली उजवीकडे, असं स्वच्छ सांगितलं तरी खिडकीपलीकडचा माणूस हमखास डावीकडे जायचा. लोकांना कान असून ऐकू येत नाही, हे त्यांचं ठाम मत होतं आणि एकवीस वर्षांत ते बदलावं असं काही घडलं नव्हतं.

दिवसभराचा हा वैताग बाई रोज संध्याकाळी कराटेच्या वर्गात लाथा झाडून उतरवायच्या. नऊ वर्षं झाली होती. दोनदा बोट मोडलं, एकदा बरगडी दुखावली, सासूबाईंनी "गळ्यात नाही तर कमरेला, पण पट्टा हवाच" असा टोमणाही मारून घेतला. बाई तपकिरी पट्ट्यापर्यंत पोचल्या. आता राहिला काळा, आणि तो त्यांना हवाच होता.

नेमके सरांनी मध्ये काका घातले.

वर्गाचा नियमच तसा होता. काळा पट्टा मागणाऱ्याने एक नवखा घ्यायचा आणि तीन महिन्यांत त्याला पहिला काता, म्हणजे वीसेक हालचालींची ठरलेली मालिका शिकवायची. मग नवख्याची पिवळ्या पट्ट्याची परीक्षा. त्याचं पाठांतर कच्चं निघालं तर शिकवणाऱ्यावर बोल नाही. शिकवण्यातच खोट निघाली, तर मात्र काळा पट्टा वर्षभर पुढे.

बाईंच्या वाट्याला आले सदुसष्ट वर्षांचे काका. उभा जन्म चष्म्याच्या काचा घासण्यात गेलेला, स्वभाव गरीब आणि डाव्या-उजव्याचा आनंद. बाई समोर उभ्या राहून "डावा" म्हणत आणि आपला डावा पाय पुढे टाकत. काका त्यांच्या पायाकडे बघून उजवा टाकत. बाई ओरडत, काका "सॉरी हं ताई" म्हणत, पाय बदलत आणि पुढच्या पावलाला पुन्हा तेच. त्या सॉरीनेच बाईंच्या तळपायाची आग मस्तकात जायची. माणूस बदलून द्या म्हणून त्यांनी सरांना गळ घातली. सरांनी ऐकून घेतलं आणि शिकवा म्हणाले.

दीड महिन्याने काकांनी आपल्यापुरता मार्ग काढला. त्यांनी ऐकणं सोडून दिलं आणि ते फक्त बघायला लागले. काय आश्चर्य, सगळं जुळायला लागलं. बाईंचा हात जिकडे, समोर काकांचा हात तिकडे. बाईंनी सुटकेचा नि:श्वास टाकला, तोंडाने सांगणं बंद केलं आणि घड्याळाकडे बघत शिकवू लागल्या.

परीक्षेच्या रविवारी सकाळी सर आणि एक पाहुणे परीक्षक टेबलाशी बसले होते. बाई तोंड मिटून मागे उभ्या. काकांनी वाकून नमस्कार केला. पहिलं वळण डावीकडे होतं. काका उजवीकडे वळले.

बाईंनी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. पण काका थांबले नाहीत. मुठी घट्ट, गुडघा वाकलेला, नजर सरळ. एक हालचाल ढिली नाही. फक्त पहिल्यापासून शेवटपर्यंत डाव्याचं उजवं आणि उजव्याचं डावं.

"काका, हे सगळं उलटं कसं काय झालं?" सरांनी विचारलं.

"माझंच चुकलं, सर. ताईंनी शंभरदा सांगितलं. माझ्याच डोक्यात राहत नाही."

पाहुण्यांनी पेन उचललं. बाईंनी नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं. त्यांची स्वतःची परीक्षा दुपारी होती. पण एवढं बिनचूक उलटं पाठांतर कच्चं कसं म्हणायचं? तीन महिने आपण त्यांच्या समोर उभ्या राहिलो, एकदाही शेजारी नाही, हे त्यांना आत्ता कुठे कळलं. काकांनी जे दिसलं ते तंतोतंत उचललं होतं. बाईंना स्वतःचा असा राग आला, की तसा खिडकीत कोणाचा आला नव्हता.

"त्यांचं काही चुकलेलं नाही," त्या म्हणाल्या. "मी समोरून उलटं दाखवत राहिले. आणि वर ओरडले त्यांच्यावर."

काकांना पिवळा पट्टा मिळाला. बाईंना एक वर्ष.

गप्प बसायला काय झालं होतं, असं घरी नवऱ्याने विचारलं. बाई त्याच्यावर उखडल्या, कारण हाच विचार त्यांच्याही मनाला शिवून गेला होता.

सोमवारी काका पांढराच पट्टा बांधून आले. "ताई, तुमचं होईपर्यंत मी हाच घालणार."

"काका, उगाच डोक्यात जाऊ नका. कुठंय तो?"

काकांनी निमूटपणे पिशवीतून पिवळा पट्टा काढला. बाईंनी तो स्वतःच्या हातांनी त्यांच्या कमरेला बांधला आणि गाठ जरा जास्तच आवळली. मग त्या काकांच्या शेजारी, त्यांच्याच बाजूला तोंड करून उभ्या राहिल्या आणि "डावा" म्हणाल्या.

काकांनी सवयीने उजवा टाकला.

बाईंनी आपला पाय मागे घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.