गोलच्या मागं उभे राहणारे काका

नांदेडच्या फुटबॉलच्या मैदानावर ते मला नेहमी गोलच्या मागंच भेटतात. नाव मी कधी विचारलं नाही, सगळे त्यांना काकाच म्हणतात. बॉल जवळ आला की त्यांचाही पाय उडतो. एकदा तो पाय माझ्या नडगीला लागला होता. आपल्या क्लबचा खेळाडू चुकला तर म्हणतात, "हुईल लेकरा, हुईल."

यंदा क्लबच्या मालकानं जुन्या कोचला काढून आपल्या मेव्हण्याला आणलं. टीम हरत गेली आणि आम्ही हळू आवाजात कुरकुरत राहिलो. काका मात्र सरळ मालकाच्या खुर्चीपाशी गेले.

"मालक, कोचला काहून काढलं? टीम बरबाद हून राहिली."

मालक हसला. "कुठं राहता, काका?"

काकांनी गल्लीसकट पत्ता सांगितला.

पुढच्या मॅचला दोन अनोळखी माणसं आमच्या मागं येऊन उभी राहिली. एकजण काकांच्या कानाशी वाकून म्हणाला, "तुमची पोरगी कॉलेजला एकटीच जाती का?"

काकांनी माझं मनगट धरलं. आता ते गप्प बसतील असं मला वाटलं. बसावं, असंही वाटलं.

तेवढ्यात ते ओरडले, "कोचला वापस आना!"

त्यांच्या आवाजात दुसरा कुणाचाच आवाज मिसळला नाही. मनगटावरची मूठ आणखी आवळली गेली.