हरल्यावरचं गाणं

अमिरातीत, अल ऐनला आमच्या युनिव्हर्सिटीत बँडची वाद्यं सांभाळणारे वसईचे एक काका आहेत. ते गावी लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. इथे मुलं चुकली की काका अरबी-हिंदी मिसळून म्हणतात, "यल्ला, फिर से!"

परवा आमची फुटबॉल टीम पाच गोलांनी हरली आणि बँडची मुलं वाद्यं पेटीत भरू लागली. मी म्हटलं, "काका, आज मॅचनंतरचं कॉलेजचं गाणं राहू द्या."

"का गं? पाठवणीला सगळे रडतात, म्हणून बँड बंद करतो का आपण?"

त्यांनी ट्रम्पेट ओठांना लावलं. मुलांनीही वाद्यं उचलली. मान खाली घालून निघालेले खेळाडू वळून रांगेत उभे राहिले. मी याच युनिव्हर्सिटीत शिकलेली, घरातली पहिली ग्रॅज्युएट. मीही उभी राहून मोठ्याने गायले.

शेवटचा सूर संपल्यावर काका म्हणाले, "खलास. आता भरा."