योहानला आलेली हाक

“मला हाक आली! मी जातो परत माझ्या चर्चच्या मंडळीकडे!” पाळकांच्या अधिवेशनात, भर मांडवात, माझा मित्र योहान खुर्चीवर चढून ओरडत होता. कालपर्यंत हाच माणूस पाळकपण सोडून कोंबड्या पाळायला निघाला होता. आता त्याचे डोळे असे वाहत होते की मांडवात होड्या सोडाव्या लागल्या असत्या. मीही “हालेलुया” म्हणालो, पण दात आवळून. मी व्यासपीठावरून दिलेल्या साक्षीनं गोदावरी दोनदा उलटी वाहिली आहे, आणि हाक यावी ती या मुखदुर्बळ माणसाला!

दुसऱ्याच्या शर्टाचा हेवा वाटला तर तसाच शिवून घेता येतो. विश्वासाचा हेवा वाटला तर कुठल्या शिंप्याकडे जायचं? मीही कोरडा होऊनच आलो होतो. हल्ली उपदेश करायचो तो निव्वळ सवयीनं. योहानच्या भिजलेल्या कॉलरकडे मी उपाशी माणसासारखा बघत राहिलो.

जेवणाच्या रांगेत बायकोला म्हणालो, “खुर्चीला खुर्ची लावून बसलो होतो गं आम्ही. देव त्याच्याशी बोलला, मग माझ्याशी का नाही?”

भात वाढून घेत ती म्हणाली, “तुम्ही बोलत होतात.”