चष्मेवाल्याच्या दोन डब्या

चष्मेवाल्याने जन्मभर एकच प्रश्न विचारला. माणसाला खुर्चीत बसवायचं, डोळ्यापुढे एक भिंग धरायचं, मग दुसरं, आणि म्हणायचं, हे बरं की हे? पस्तीस वर्षं असेच नंबर काढले. साठीला टेकल्यावर त्याला गाणी ऐकायचं वेड लागलं, तेही फिरून याच प्रश्नापाशी आलं, यात नवल ते काय.

झालं असं, की घरातल्या स्टिरिओसाठी त्याला डॅक घ्यायचा होता. डॅक म्हणजे तळहाताएवढी डबी. हल्ली गाणं आकड्यांत साठवतात म्हणे, त्या आकड्यांचा परत आवाज करून द्यायचा हे तिचं काम. दुकानदार ओळखीचा. त्याने दोन डब्या आठवडाभर ऐकायला दिल्या, एक काळी, एक चंदेरी. आवडेल ती ठेवा, शनिवारी दुसरी आणून द्या.

बायकोने कपाळाला हात लावला. पुढच्या खोलीतल्या खिडकीजवळच्या कोपऱ्यावर तिचा कधीचा डोळा होता. तिथल्या उजेडात तिला शिलाई मशीन मांडायचं होतं, आणि तिथेच ते स्पीकर पाहुण्यासारखे येऊन मालकासारखे बसलेले. तिने अट घातली. डोळे बांधून मला फरक कळला, तर कोपरा तुमचा. नाही कळला, तर दोन्ही डब्या दुकानात, स्टिरिओ माळ्यावर आणि मशीन खिडकीत.

पंच म्हणून तिची धाकटी बहीण आली. बाई जिथे जाईल तिथे घर डोक्यावर घेणारी. बायको खुर्चीत, डोळ्यांवर टॉवेल. मेहुणी मागे बसून बटण फिरवणार, चष्मेवाला विचारणार. दहा वेळा विचारलं, दहाही वेळा तिने काळी बरोबर ओळखली. चष्मेवाला खोलीभर नाचला. भावजींचे गुडघे दुखतात ते फक्त बाजारात जायच्या वेळी, असं मेहुणी म्हणाली.

तिथेच गप्प बसला असता तर? पण धंदा आडवा आला. वजा नंबर हवा त्याहून थोडा वाढवला की अक्षरं काळीभोर दिसतात आणि गिऱ्हाईक खूश होऊन म्हणतं, हेच बरं. दिसत असतं तेवढंच. त्याच्या मनात पाल चुकचुकली. मोबाइलवर आवाज मोजला, तर काळी डबी नुसती मोठ्याने वाजत होती.

"हे काही खरं नाही," तो म्हणाला. "आवाज सारखा करून परीक्षा परत घ्यायला हवी."

"ताई, मशीन पुसून ठेव," मेहुणी म्हणाली. "माणूस स्वतःच्या पायांनी चाललाय."

काळीचा आवाज उतरवला. पुन्हा टॉवेल, पुन्हा गाणं. बायको म्हणाली, कळत नाही. दुसऱ्यांदाही तेच. चष्मेवाल्याचा चेहरा पडला. तेवढ्यात तिने बोट वर केलं.

"अहो, गाणं थांबवा. डबी तेवढी चालू राहू दे."

थांबवलं. खोली शांत.

"ही चंदेरी," ती म्हणाली. "बारीक सूं येतंय. चहाचं पाणी तापायला लागतं ना, तसं."

मग काय, गाणं बंद ठेवून दहा वेळा विचारलं आणि दहाही बरोबर. एक उत्तर मुद्दाम चुकवलं असतं की खिडकी तिची होती, हे तिला चांगलं ठाऊक होतं. पण चौथीत शाळा सुटलेली ती, दहापैकी दहा तिला जन्मात कोणी दिले नव्हते. समोर आलेले गुण ती मशीनसाठी सोडते होय!

आता चष्मेवाला खुर्चीत बसला. कान टवकारले, मग स्पीकरला चिकटवले. काही नाही. मेहुणीलासुद्धा ऐकू येत होतं.

"भावजी, हे शेजारच्यांनाही ऐकू जात असेल."

आठवडाभर तो गाणंच ऐकत बसला होता. गाणं थांबल्यावर काय उरतं हे ऐकायचं त्याला सुचलंच नव्हतं, आणि सुचून उपयोगही नव्हता. तिघं इतकी हसली की बायकोला टॉवेलनेच डोळे पुसावे लागले.

शनिवारी चंदेरी परत गेली. कोपरा त्याचा राहिला. आता रोज संध्याकाळी गाणं लावण्याआधी तो बायकोला आतून बोलावतो. ती ओले हात पुसत येते, स्पीकरपाशी कान नेते, थोडं थांबून मान हलवते. नाही, काही येत नाही. मग तो डोळे मिटून मागे रेलतो.

"बघ," म्हणतो, "किती स्वच्छ."