मुकादमाच्या शेजारची जागा

जामखेडहून ऊसतोडीला जाताना भेटलेले एक मुकादम मला अजून आठवतात. त्यांचं नाव कधी कळलं नाही. वाटेत टेम्पो थांबवून त्यांनी सगळ्यांना चहा पाजला, तेव्हा टोळीतली एक म्हातारी कडाडली, "ढोरं भरल्यागत भरलंय आमाला! तूच बस की मागं येऊन!"

त्यांनी शांतपणे टोपी सारखी केली. "मावशी, माझ्याजवळ केबिनमधी बसा. तोंडावर बोलणारं मानूस मागं ठिवलं की टोळी माझ्यावर उलटवतं. पुढं बसलं की खड्डा तरी दाखवतं."

मला मागे बसून मळमळत होतं, पण बोलायची लाज वाटत होती. शेवटी धीर करून पुटपुटले, "मुकादम, चहा लई पांचट हाय."

ते हसले. "सरका मावशी, दुसरी आली."

मग मागून एकेकाचा आवाज येऊ लागला. तो चहा कुणालाच आवडला नव्हता.